माशाचा डोळा, हत्तीची पाठ

मेहदीपट्टणमहून शमशाबादच्या विमानतळाकडे जाणारा पी. व्ही. नरसिंह राव एक्स्प्रेसवे साडेअकरा किलोमीटरचा आहे. पुलाखालची माणसे पत्ता सांगतात तो खांबांच्या नंबरांवरून. किराणा दुकान अमुक पिलरपाशी, दवाखाना तमुक पिलरच्या समोर. 235 नंबरच्या खांबाजवळ मात्र नंबराची गरज पडत नाही. ‘फिश बिल्डिंग’ म्हटले की रिक्षावाला पुढे काही विचारत नाही. (ज्यांच्या नावाचा हा पूल, त्या नरसिंह रावांनी हरि नारायण आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ तेलुगूत नेली. हैदराबादच्या मराठी माणसाला या रस्त्याबद्दल थोडा जास्त जिव्हाळा वाटतो तो त्यामुळे.)

ही राष्ट्रीय मत्स्यविकास मंडळाची कचेरी. मंडळ 2006 साली स्थापन झाले आणि केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याने 2012 साली त्याची इमारत माशाच्या आकाराची बांधली. पुलावरून ती क्षणभरच दिसते, म्हणून एकदा मुद्दाम खाली उतरून समोर उभा राहिलो. अंगावर स्टीलचा चंदेरी पत्रा. डोळा म्हणजे गोल खिडकी. पर बाहेर आलेले, त्यांची सावली भिंतीवर पडते. पोटाखालून पायऱ्या वर जातात आणि माणसे फायली घेऊन माशाच्या पोटात शिरतात. संध्याकाळी निळे दिवे लागले की मासा जमिनीपासून सुटल्यासारखा दिसतो. माझ्या शेजारी एक लहान मुलगी वडिलांच्या खांद्यावर बसून त्या डोळ्याकडे एकटक बघत होती. एखाद्या सरकारी कचेरीकडे कुणी इतके निरखून बघताना मी दुसरीकडे कुठे पाहिलेले नाही.

हैदराबादच्या चित्रकार मंडळींत बसले की एक विषय हमखास निघतो. दिल्लीला राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय 1954 पासून आहे, मुंबईला 1996 साली आले, बंगळूरला 2009 साली. हैदराबादला नाही. माधापूरला राज्याचे कलादालन आहे, सालारजंग संग्रहालयात आधुनिक चित्रांची खोली आहे, पण शहराची ओळख व्हावी असे आधुनिक कलेचे घर नाही. मग कुणीतरी म्हणतेच, ‘माशांच्या खात्याला मासा मिळतो, तर चित्रांना एखादा मोर किंवा घोडा का नको?’ हा प्रश्न मी हसण्यावारी नेत नाही. प्राण्यावरून कलासंग्रहालय घडवण्याचे प्रयोग जगात झालेले आहेत. त्यातला सगळ्यात धाडसी प्रयोग आपल्याच देशात, आपल्याच दोन माणसांनी केला. त्यांचे काय साधले आणि काय हुकले, हे एकदा नीट मांडून बघायला हवे.

शाळेत उपमा अलंकार शिकवताना गुरुजी चार गोष्टी पाठ करून घेत: उपमेय, उपमान, साधारणधर्म आणि साम्यवाचक शब्द. मुख चंद्रासारखे म्हणायचे, पण मुखाने चंद्राचे डाग घ्यायचे नाहीत आणि त्याचे वाढणे-घटणेही घ्यायचे नाही. घ्यायचा तो एकच धर्म, आल्हाद. हा नियम मला प्राण्यावरून बांधलेल्या प्रत्येक इमारतीपुढे आठवतो. या इमारतीने प्राण्याकडून नेमका कोणता धर्म घेतला? आणि ज्या कामासाठी ती उभी आहे, त्या कामाला तो लागू पडतो का?

मकबूल फिदा हुसेन यांना हे न शिकवता ठाऊक होते. जन्म पंढरपूरचा, 1915 चा. तरुणपणी मुंबईत सिनेमाची पोस्टरे रंगवली. हैदराबादशी त्यांचे नाते जुने. राममनोहर लोहियांच्या सांगण्यावरून त्यांनी रामायणावरची मोठी चित्रमालिका केली, ती हैदराबादच्या बद्रीविशाल पित्तींच्या आश्रयाने. पुढे बंजारा हिल्सवर ‘सिनेमा घर’ उभारले, चित्रे आणि छोटे चित्रपटगृह एकाच छताखाली. ते फार काळ चालले नाही. त्यांच्या दोन चित्रपटांची नावे बघा. ‘गजगामिनी’ 2000 चा, ‘मीनाक्षी’ 2004 चा, आणि दुसऱ्याची गोष्ट हैदराबादेतून सुरू होते. दोन्ही नावांत प्राणी आहे. एकात हत्तीची फक्त चाल घेतली, दुसऱ्यात माशाचा फक्त डोळा. आपल्या कवींनी नायिकेला सोंड कधी दिली नाही आणि खवलेही दिले नाहीत. फिश बिल्डिंगने मात्र डोळा, पर, शेपूट, खवले सगळेच घेतले. त्यामुळे ती उपमा राहिली नाही, ती पाटी झाली. माशांच्या खात्याला पाटी हवीच असते, आणि ती इतकी देखणी आहे की मला तिच्याबद्दल तक्रार नाही. अमेरिकेत लाँग आयलंडवर 1931 साली बदकाच्या आकाराचे एक दुकान बांधले, त्यात बदके आणि अंडी विकत. त्यावरून रॉबर्ट व्हेंचुरी, डेनिस स्कॉट ब्राउन आणि स्टीव्हन आयझेनूर यांनी 1972 च्या आपल्या पुस्तकात स्वतःच पाटी झालेल्या इमारतीला ‘बदक’ हे नावच देऊन टाकले. आपला मासा त्याच जातीचा.

आपल्या मुलखाला प्राण्यावरून वास्तू घडवणे नवे नाही. वेरूळच्या कैलास लेण्याच्या जोत्याभोवती हत्तींची रांग आहे. वरचा सगळा डोंगर त्यांनीच पाठीवर तोलून धरल्यासारखा वाटतो. तिथे हत्तीचा धर्म भार वाहण्याचा. महाराष्ट्रातल्या देवळांच्या सभामंडपात जमिनीवर कासव कोरलेले असते, आणि आजी सांगायची, आधी कासवाला नमस्कार, मग देवाला. पाय, डोके आत ओढून घेणाऱ्या त्या प्राण्यापाशी माणसानेही घटकाभर आत वळावे म्हणून ते तिथे आहे.

पण मला सगळ्यात शिकण्यासारखे वाटते ते तेर. धाराशिव जिल्ह्यातले हे गाव, गोरोबाकाकांचे. 1948 पर्यंत ते निजामाच्या राज्यात होते, म्हणजे तेव्हाच्या हैदराबादचेच. तिथले त्रिविक्रमाचे देऊळ विटांचे आहे. मागची बाजू अर्धगोल, वर लांबट कमानदार छत. मुळात ते बौद्ध चैत्यगृह होते, असे अनेक अभ्यासक मानतात. अशा घाटाला शिल्पशास्त्रात हस्तिपृष्ठ किंवा गजपृष्ठ म्हणतात. हत्तीची पाठ. समोरून बघितले तर हत्ती सापडत नाही. बाजूने चालत मागे गेले की छताची रेघ हळूच वळते आणि खाली उतरते. बसलेल्या हत्तीच्या मागे उभे राहिल्यावर दिसते तशी. सोंड, सुळे, कान यांतले काहीच नाही. विटेचे छत आधाराशिवाय टिकवायचे तर त्याला वळण द्यावेच लागते, आणि ते वळण कुणातरी गवंड्याला हत्तीच्या पाठीत दिसले. गरज आणि उपमा यांची इतकी घट्ट गाठ मी क्वचित पाहिली आहे.

आता कासवाकडे, म्हणजे आपल्या त्या दोन माणसांच्या प्रयोगाकडे येऊ. बाळकृष्ण दोशी यांचा जन्म पुण्यातला, 1927 चा. मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकले, पॅरिसला ल कॉर्ब्युझिएच्या हाताखाली काम केले आणि त्याच्या इमारतींची देखरेख करायला अहमदाबादला आले ते तिथलेच झाले. 2018 साली वास्तुकलेतला प्रिट्झकर पुरस्कार मिळवणारे पहिले भारतीय ते. 2023 साली गेले. हुसेन त्यांचे जुने मित्र. माझी चित्रे राहतील असे घर तू बांध, असे त्यांनी दोशींना सांगितले. 1990 च्या दशकाच्या पूर्वार्धात अहमदाबादेत, सेप्ट विद्यापीठाच्या आवारात ते उभे राहिले. आधी नाव ‘हुसेन-दोशी नी गुफा’, पुढे ‘अमदावाद नी गुफा’. एक पंढरपूरचा, दुसरा पुण्याचा, आणि गुफा गुजरातची.

ही कल्पना कशी सुचली, हे दोशी स्वप्नाच्या गोष्टीतून सांगत. त्या स्वप्नात विष्णूचा कूर्मावतार येतो. स्वप्न म्हणून ऐकावे, पण बांधकाम पाहिले की त्यातला हिशेब ध्यानात येतो. कासवाची ढाल पातळ असते आणि तरी भार पेलते, कारण ती सगळीकडून वळलेली असते. गुफेचे छत म्हणजे एकमेकांत शिरलेले घुमट. लोखंडी जाळी आणि सिमेंटचा गिलावा, जाडी जेमतेम इंचभर. नेहमीचा पाया नाही. आखणी संगणकावर तपासली आणि प्रत्यक्ष बांधले साध्या हातहत्यारांनी, फारसे प्रशिक्षण नसलेल्या कामगारांनी. वरून पांढऱ्या फुटक्या चिनी मातीच्या तुकड्यांची नक्षी, तीवर हुसेन यांचा लांबलचक काळा साप. अहमदाबादचा पारा उन्हाळ्यात 45 च्या आसपास जातो. पांढरे तुकडे ऊन परतवतात आणि अर्धी इमारत जमिनीत असल्याने खालच्या मातीचा थंडावा मिळतो. कासव उन्हात करते तेच. अंग आत ओढून घ्यायचे, वर फक्त ढाल ठेवायची.

आत उतरताना पहिल्यांदा पाय अडखळतो. जमीन सपाट नाही. खांब तिरके, झाडांच्या बुंध्यांसारखे वेगवेगळ्या जाडीचे. एका खांबाला हात लावून उभा राहिलो, तो कुठे संपतो आणि छत कुठे सुरू होते ते हाताला कळेना. घुमटांना वर नाकपुड्यांसारख्या नळ्या आहेत. त्यांतून उन्हाचे वाटोळे कवडसे खाली येतात आणि सूर्य सरकतो तसे भिंतीवरून, हुसेन यांच्या रेषांवरून सरकतात. मी तिथे होतो तेवढ्या वेळात एक कवडसा जमिनीवरून पत्र्याच्या उभ्या आकृतीच्या पायांपर्यंत आला. हुसेन यांनी इथे कॅनव्हास टांगले नाहीत. थेट भिंतींवर आणि छतावर रंगवले. अजिंठ्याच्या चित्रकारांनी केले होते तसेच. निजामाच्या पुरातत्त्व खात्याने अजिंठ्याची चित्रे कापडावर उतरवून घेतली होती. आमच्या पब्लिक गार्डनमधल्या संग्रहालयात त्या नकला सपाट भिंतीवर टांगलेल्या बघताना काय हरवले ते मला नेमके सांगता येत नसे. गुफेत ते कळले. छतावरचे चित्र बघायला मान वर करावी लागते, पाय सांभाळावे लागतात, आणि त्या अवघडलेपणातच चित्र भेटते.

गुफेला मी डोक्यावर घेतो, पण तिची उणीव सांगायला हवी. ती संग्रहालय नाही. संग्रहालयात चित्रे येतात, जातात, बदलतात. आज एका पिढीची, उद्या दुसरीची. गुफेत एकच चित्रकार आणि त्याची चित्रे तिच्या कातडीत मुरलेली. दुसऱ्याचे कॅनव्हास लावायला सरळ भिंतच नाही, म्हणून बदलती प्रदर्शने शेजारच्या वेगळ्या दालनात भरतात. कासव स्वतःच्या ढालीत राहते, दुसऱ्याला आत घेत नाही. घेतलेल्या धर्माबरोबर त्याची मर्यादाही आली.

दोशींच्या गुरूला ही अडचण आधीच दिसली होती. कॉर्ब्युझिएच्या मनात 1930 च्या आसपासपासून ‘अमर्याद वाढीचे संग्रहालय’ घोळत होते. ते त्याने गोगलगायीच्या शंखावरून घेतले. शंख मधून सुरू होतो आणि प्राणी वाढेल तसा बाहेरच्या कडेने वाढत जातो. तसेच संग्रहालय मध्यातून सुरू व्हावे, संग्रह वाढेल तशा बाहेर भिंती जोडाव्यात, म्हणजे जुने पाडावे लागणार नाही. शंख गोल, त्याचा आराखडा चौकोनी, भिंती सरळ. शंखाचा आकार त्याने सोडला, वाढण्याची रीत ठेवली. मला त्याचा हाच विवेक मोलाचा वाटतो. या कल्पनेतून तीन संग्रहालये झाली: अहमदाबादचे संस्कार केंद्र, टोकियोचे पाश्चात्त्य कला संग्रहालय आणि चंदीगडचे कला संग्रहालय. तिन्हींपैकी एकही पुढे त्या आखणीप्रमाणे वाढले नाही. गोगलगाय वाढते ती अन्न मिळते म्हणून, आणि संग्रहालयाचे अन्न म्हणजे दरवर्षीचा खरेदीचा पैसा. ते वास्तुविशारदाच्या हाती नसते. हाच माणूस फ्रान्समधल्या रोंशांच्या चर्चचे छत खेकड्याच्या कवचावरून घेतो, कारण ते कवच हातात धरल्यावर वाटले त्यापेक्षा किती तरी बळकट निघाले होते.

शंखाचा गोल आकार जसाच्या तसा ठेवला तर काय होते, ते न्यूयॉर्कमध्ये दिसले. फ्रँक लॉइड राइटचे गुगेनहाइम 1959 साली उघडले. शंखाच्या पोटातल्यासारखी वळत जाणारी चढण, बाहेरची भिंत कललेली. 1956 सालीच 21 चित्रकारांनी पत्र लिहून हरकत घेतली होती की कललेल्या भिंतीवर आणि उतरत्या जमिनीवर चित्र नीट दिसणार नाही. इमारत अप्रतिम आहे, आणि त्या चित्रकारांचे म्हणणेही खरे होते. त्या वादात मी आजही चित्रकारांच्या बाजूचा आहे.

आमच्या फिश बिल्डिंगला बार्सिलोनाच्या ज्या माशाची धाकटी बहीण म्हणतात, तो फ्रँक गेरीचा. 1992 च्या ऑलिंपिकसाठी समुद्रकिनारी उभा केलेला, 56 मीटर लांब, 35 मीटर उंच, जाळीदार. लहानपणी टोरोंटोत आजी बाजारातून जिवंत मासा आणून न्हाणीच्या टबात सोडायची, त्याची आठवण गेरी सांगत. पण त्यांचा खरा शोध पुढचा आहे. त्यांनी माशाचे डोके काढले, शेपूट काढली आणि उरलेल्या धडात अजून पोहणे दिसते का, हे पाहत राहिले. दिसत होते. तिथून बिल्बाओचे गुगेनहाइम आले, 1997 चे. टायटॅनियमचे पातळ पत्रे खवल्यांसारखे ढगाळ उजेडात रंग बदलतात, पण मासा दाखवा म्हटले तर बोट कुठे ठेवणार? आत त्यांनी चित्रांचा मान राखला. 19 दालनांपैकी 10 साधी काटकोनी आहेत. उरलेल्यांतले 130 मीटर लांबीचे दालन ‘फिश गॅलरी’ म्हणून ओळखले गेले, आणि तिथे शिल्पकार रिचर्ड सेरा यांच्या पोलादी भिंती वळत उभ्या आहेत. वळणदार वस्तूला वळणदार जागा, सपाट चित्राला सरळ भिंत. हैदराबादने बार्सिलोनाचा मासा घेतला. आपण बिल्बाओपर्यंत गेलो असतो तर मला जास्त आनंद झाला असता.

अमेरिकेतल्या मिलवॉकीचे कला संग्रहालय पक्ष्याचे. सान्तियागो कालात्राव्हा यांनी 2001 साली जुन्या इमारतींना जोडलेल्या मंडपावर पंख बसवले, टोकापासून टोकापर्यंत 66 मीटर. सकाळी उघडतात, दुपारी एकदा मिटून पुन्हा उघडतात आणि वारा ताशी 37 किलोमीटरच्या वर गेला की आपोआप मिटतात. पंखांखाली काचेचा भव्य स्वागतकक्ष. कायमचा संग्रह बहुतांशी जुन्या इमारतींत आहे. पंखाने लोक आणले, हे काम थोडे नाही. पण चित्र बघताना पंखाचा काही संबंध येत नाही. आरोळी ठोकून बोलवायचे आणि घरात वेगळेच कुणी भेटायचे, असे मला तिथले फोटो आणि नकाशे बघताना वाटत राहिले.

शेवटचे उदाहरण संग्रहालयाचे नाही, तरी हैदराबादच्या उन्हामुळे ते सोडवत नाही. हरारेचे ईस्टगेट सेंटर, 1996 चे, मिक पिअर्स यांचे. त्यांनी वारूळ डोळ्यांपुढे ठेवले. रात्रीचा गार वारा जाड काँक्रीटमध्ये साठवायचा, दिवसा तापलेली हवा धुराड्यांतून वर सोडायची. पुढे वारुळांच्या अभ्यासकांनी दाखवले की खरे वारूळ असे चालत नाही, ते फुप्फुसासारखे हवा आत-बाहेर करते. पिअर्स यांचा वारुळाबद्दलचा समज चुकला, इमारत बरोबर निघाली. बाहेरून ती कुठल्याच कोनातून वारुळासारखी दिसत नाही.

मग आमच्या गावात कोणता प्राणी? हुसेन यांचा घोडा लगेच पुढे येईल. त्यांच्या नावाचे संग्रहालय 2025 च्या नोव्हेंबरात दोह्यात उघडले, त्यांनीच काढलेल्या रेखाटनावरून, आणि घोडे तिथे आहेतच. दुसरा विचार माशाचा: मुरेल हा तेलंगणाचा राज्यमासा आहे. पण हैदराबादच्या चित्रकलेत सगळ्यांत जास्त वावरलेला प्राणी विचाराल तर तो बकरी आहे. लक्ष्मा गौड मेदक भागातल्या निजामपूरचे, 1940 चे. त्यांच्या रेखाटनांत, छापचित्रांत माणसांच्या बरोबरीने बकऱ्या आहेत, शिंगे, दाढी आणि माणसासारखी नजर असलेल्या. बकरीच्या आकाराची इमारत कुणी बांधावी असे मी सुचवत नाही. तिच्याकडून धर्म कोणता घ्यायचा, ते मला एका मे महिन्यात खाजागुड्याच्या टेकडीवर दिसले.

हैदराबादचे ग्रॅनाइटचे धोंडे एकमेकांवर तोलून ठेवल्यासारखे उभे असतात. आता पुष्कळसे फोडून त्यांवर टॉवर झाले, तिथे थोडे शिल्लक आहेत. दुपारी दोन वाजता वरच्या दगडाला हात लावता येत नव्हता. दोन धोंड्यांमध्ये माणूस आडवा शिरेल एवढी फट होती आणि तिच्यात सात-आठ बकऱ्या रवंथ करत बसल्या होत्या. फटीच्या पलीकडच्या तोंडातून वारा येत होता. दगडाची आतली बाजू सरळ, जवळजवळ ओळंब्यात, आणि तिच्यावर थेट ऊन कधी पडत नसावे, कारण पृष्ठभाग ओलसर काळा राहिलेला. मी त्या भिंतीला तळहात टेकवला तर ती गार होती. एक बकरी उठली, सावली सरकली होती तेवढे दोन पाऊल आत गेली आणि पुन्हा बसली.